चेहऱ्याचा नवस

माझे केस बायको कापते. दोनेक महिने झाले की ती मला मागच्या पडवीत पाटावर बसवते, खांद्यावर जुनं लुगडं टाकते आणि कात्री घेऊन मागे उभी राहते. माझ्या डोक्यावर गाठी आहेत. काही बोराएवढ्या, काही सुपारीएवढ्या, मानेच्या वर एक लिंबाएवढी. त्यांच्या मधून कात्री काढायची म्हणजे खडकाळ रानात पेरणी करण्यासारखं आहे. जरा ओरखडा गेला तरी रक्त थांबत नाही.

"हलू नका," ती म्हणते. "हललात तर माज्यावर येऊ नका."

मी हलत नाही. मागच्या वर्षीच्या शिमग्यापर्यंत हे डोकं घरच्यांशिवाय आणि एका डॉक्टरीणबाईंशिवाय रत्नागिरीत कोणी पाहिलं नव्हतं.

मी मूळचा घाटावरचा, जतकडच्या कोरड्या मुलखातला. आमच्या वडिलांच्या डोक्यावर अशाच गाठी होत्या. ते मुंडासं बांधायचे. गावात सगळेच बांधायचे, त्यामुळे खाली काय आहे हे विचारायचं कारण कोणाला पडलं नाही. आत्याचं तसं नव्हतं. तिच्या डोक्यावर होत्या आणि तोंडावरही होत्या, नाकाच्या दोन्ही बाजूंना, भुवयांत, वरच्या ओठावर. बाईनं मुंडासं कसं बांधायचं?

तेव्हा आजोबांनी आत्यासाठी गावच्या देवीला नवस बोलला. पोरीचं तोंड साफ झालं तर चांदीचा मुखवटा वाहीन. नवस चारचौघांत बोलला होता, म्हणून चारचौघांनी त्याची चौकशी करायची हे ओघानं आलं. दर जत्रेला आत्याला देवळापुढे उभं करायचे. बायका तिची हनुवटी धरून तोंड उन्हाकडे वळवायच्या. "बघू गं. कमी आलंय का?" कमी कुठलं येतंय? दर वर्षी दोन-चार जास्तच असायच्या. मग नवसात काय खोट राहिली, देवी कशावर रुसली, घराण्यात कोणी काय पाप केलं, हे सुरू व्हायचं. आत्या पुढे जत्रेला जायची थांबली. मग विहिरीवर जायची थांबली. मग अंगणातसुद्धा दिसेना. तिला गाठींनी काही केलं नाही. त्या हनुवटी धरणाऱ्या हातांनी केलं, असं मी आजही म्हणतो.

माझ्या नाकाशेजारी दाणे उठले तेव्हा मी सातवीत होतो. पोरं मला कारलं म्हणायला लागली. शाळा सोड असं मला कोणी सांगितलं नाही. एके दिवशी मी दप्तर न घेता शेरडांच्या मागे गेलो. दुसऱ्या दिवशीही गेलो. घरात कोणी विचारलं नाही. ते न विचारणं मला तेव्हा माया वाटली होती.

एकोणिसाव्या वर्षी रत्नागिरीला आलो, चिरेखाणीवर. जांभा दगड कापताना जी लाल धूळ उडते तिच्यामुळे खाणीवर झाडून सगळे डोक्याला टॉवेल गुंडाळतात. मला ती जागा इतकी आवडली की मजुरी किती हे मी दुसऱ्या दिवशी विचारलं. तिथेच जेवण करायला मंडणगडकडची एक मुलगी आईबरोबर यायची. तीच माझी बायको. नाक तिला दिसत होतंच. डोकं लग्नानंतर दाखवलं. तिनं मागून-पुढून पाहिलं आणि म्हणाली, "एवढंच होय? मला वाटलं, टक्कल हाय."

नंतर आरे-वारेच्या रस्त्यावरून वर चढलं की लागते त्या आंब्याच्या बागेत राखणीचं काम मिळालं. मालक मुंबईत असतात. बागेतलं दोन खणांचं घर त्यांनी आम्हाला दिलं. अठरा वर्षं झाली. त्या घरात माझी मुलगी वाढली. मी त्या माणसाला रोज मनात नमस्कार करतो, आणि रोज भितो की उद्या त्यांनी बाग विकली तर काय. माझा स्वभावच तसा आहे. हातात काही आलं की आधी ते जाणार कसं ते दिसतं.

मुलीचं तसंच झालं. ती जन्मली तेव्हापासून मी तिचं नाक बघत होतो. जेवताना बघायचो, अभ्यास करताना बघायचो. बारा वर्षं काही नव्हतं. तेराव्या वर्षी नाकाच्या घडीत एक दाणा दिसला, मोहरीएवढा. मी बायकोला म्हणालो, मुरूम असेल. नववीत जाईपर्यंत दोन्ही बाजूंना आठ-दहा झाले.

वर्गात कोणीतरी म्हणालं की ते लागतं. बाकावरच्या मैत्रिणीच्या आईनं शाळेत येऊन आपल्या मुलीची जागा बदलून घेतली. मुलीनं स्कार्फ बांधायला सुरुवात केली. डोळे तेवढे उघडे, बाकी सगळं गुंडाळलेलं. संक्रांतीनंतर पोट दुखतं म्हणाली. मग डोकं दुखतं म्हणाली. फेब्रुवारीत दप्तर खुंटीला अडकलं ते अडकलंच. आणि मी, ज्याला हे सगळं पाठ होतं, मी तिला काही विचारलं नाही. आमच्या घरच्यांसारखाच वागलो.

बायकोनं विचारलं. "तोंडानं बापावर गेलीस तेवढं बास झालं. शाळंच्या बाबतीत जाऊ नको." आणि दोघांना एस्टीत घालून शहरात चामडीच्या डॉक्टरकडे घेऊन गेली.

त्या डॉक्टरीणबाईंनी मुलीचं नाक भिंगातून पाहिलं. मग विचारलं, "घरात आणखी कोणाला आहे?" मी खाली बघत बसलो. बायकोनं कोपरानं ढोसलं. मी टॉवेल सोडला. बाई उठून माझ्या मागे आल्या, एकेक गाठ बोटांनी दाबून पाहिली, आणि त्यांनी हात पुसला नाही. हे मी लक्षात ठेवलं आहे. मुलीचा एक दाणा भूल देऊन काढला आणि तपासायला पाठवला. निकाल आल्यावर कागदाच्या मागे चित्र काढून आम्हाला समजावलं. हा केस, हे त्याचं मूळ, ही घामाची ग्रंथी. शरीरात एक निरोप असतो, आता वाढ थांबवा असा. तुमच्या घराण्यात तो निरोप देणारा भाग मोडका आहे. तो बापाकडून किंवा आईकडून येतो. त्यामुळे केसांच्या मुळाशी आणि ग्रंथींशी ह्या गाठी होतात. वयात येताना सुरू होतात.

"लागट आहे का?" बायकोनं विचारलं.

"अजिबात नाही."

"कॅन्सर?" हे मी विचारलं. रात्रंदिवस तेच डोक्यात होतं.

"नाही. क्वचित एखादी बिघडू शकते. एखादी एकदम वाढली, दुखायला लागली, फुटली, तर थांबायचं नाही, लगेच यायचं. तुमची ही मागची मोठी आहे ना, ती आपण काढून टाकू या."

"आणि हे जातील?" मुलगी म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "काढता येतात. कापून, लेझरनं. पण पुन्हा येतात. आणि वयाबरोबर वाढतात. तुला खोटं सांगत नाही."

"मला मुलं झाली तर?"

"प्रत्येक वेळी नाणं उडवल्यासारखं. काटा किंवा छापा."

मुलीनं चित्राचा कागद आपल्याकडे ओढून घेतला. मग म्हणाली, "मग चूक कोणाची?"

"कोणाचीच नाही," बाई म्हणाल्या.

त्यांनी शाळेसाठी चिठ्ठी दिली, आजार संसर्गजन्य नाही म्हणून. परतताना एस्टीत मी म्हणालो, उद्या ही चिठ्ठी घेऊन जा. मुलगी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आणि काय करू? कपाळाला चिकटवू?"

दप्तर खुंटीलाच राहिलं. वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये होती. वर्गशिक्षिकेचा दोनदा फोन आला. परीक्षेला बसली तर दहावीत जाईल, नाहीतर अवघड आहे, असं त्या म्हणाल्या.

तेवढ्यात शिमगा आला. इथे शिमग्यात गावदेवीची पालखी घरोघर जाते. आमच्या बागेत ती मालकांच्या बंद घराच्या पायरीवर टेकायची आणि आम्ही बाजूला हात जोडून उभे राहायचो. गेल्या वर्षी वाडीतले म्हातारे मानकरी, ज्यांना सगळे आबा म्हणतात, काठी टेकत बागेत आले आणि म्हणाले, "ह्या वर्षी पालखी तुझ्या दारात येतीय. अठरा वर्सं झाली मेल्या, आता कसला परका तू."

घाटावरून टॉवेल गुंडाळून आलेला माणूस मी. माझ्या दारात पालखी.

आबा पायरीवर बसले. "गाऱ्हाणं काय घालू ता सांग. देवीला सगळं फोडून सांगावं लागतं. लपवून चालत नाय."

पालखी दारात आली की मानकरी त्या घराचं सुखदुःख मोठ्यानं देवीपुढे मांडतात, त्याला गाऱ्हाणं म्हणतात. प्रत्येक वाक्याला जमलेले सगळे "व्हय महाराजा" म्हणतात. तो व्हय आला की मागणं पक्कं झालं.

मी कृतज्ञतेनं एवढा भारावलो होतो की तोंडाला येईल ते बोललो. म्हणालो, "आबा, पोरीच्या तोंडावर उठलंय. आमच्या घराण्याचा दोष आहे तो. तेवढं बघा."

डॉक्टरीणबाईंनी दोन आठवड्यांपूर्वी कागदावर चित्र काढून सांगितलेलं होतं. तरी माझ्या तोंडून तोच शब्द गेला.

आबांनी मान हलवली. "सांगतो देवीला."

पालखीच्या दिवशी बायकोनं अंगण सारवलं, दारात रांगोळी घातली, ओटीचं सामान ताटात मांडलं. दुपारचं ऊन होतं. मोहर झडून कैऱ्या धरलेल्या झाडांखालून ढोल वर येताना ऐकू आला आणि मी टॉवेल सोडून पुन्हा घट्ट बांधला. अख्खी वाडी आली होती. मुलीच्या वर्गातल्या चार-पाच जणी होत्या. ती बाकावरची मैत्रीण होती आणि तिची आईही. माझी मुलगी स्वयंपाकघराच्या दारात स्कार्फ बांधून उभी होती.

पालखी अंगणात नाचवली, मग पाटावर टेकवली. ढोल थांबले. आबांनी हात जोडले आणि त्यांचा आवाज बदलला.

"हे आई, गावच्या मालकिणी..."

"व्हय महाराजा!"

"आज तुझं ह्ये लेकरू, घाटावरनं पोट भराय आलेलं, तुझ्या पायाशी उभं ऱ्हायलंय..."

"व्हय महाराजा!"

"बागंची राखण केलान, कोनाच्या कैरीला हात लावलान नाय..."

"व्हय महाराजा!"

माझे डोळे भरले. आबा पुढे गेले.

"त्याच्या घराण्याला काय दोष लागला आसंल, वाडवडलांचं काय चुकलंमाकलं आसंल, ता पोटात घाल..."

"व्हय महाराजा!"

दारातला स्कार्फ हलला. मुलगी माझ्याकडे बघत होती. आबांकडे नाही, माझ्याकडे.

"आनि ह्या बायच्या तोंडावर जा काय उठलंय, ता झाडून काढ. पुढल्या शिमग्याला तिचं तोंड साफ झालं की ती आपल्या हातानं तुझी ओटी भरील आनि सगळी वाडी ता बघील..."

मला आत्या दिसली. जत्रेतलं ऊन आणि हनुवटीखालचा हात. हे आता दर शिमग्याला होणार. पालखी आली की आधी माझ्या पोरीचं तोंड बघायचं, मोजायचं, आणि देवी का रुसली याची चर्चा करायची. गाठी तर वाढणार होत्या. बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं.

"थांबा," मी म्हणालो.

गाऱ्हाणं कोणी मध्ये तोडत नाही. मी तरी कधी पाहिलं नव्हतं. सगळी वाडी माझ्याकडे वळली.

"व्हय म्हणू नका. आबा, पाया पडतो, हे मागणं नको."

"आरं, निम्मा व्हय माज्या तोंडातनं गेला," ढोलवाला म्हणाला.

"गीळ तो मेल्या," आबा त्याच्याकडे न बघता म्हणाले. मग मला म्हणाले, "काय झालं तुला?"

"चूक माझी आहे. दोष हा शब्द मीच तुम्हाला दिला. दोष नाही तो. कोणाचं काही चुकलेलं नाही, माझ्या बापाचं नाही, आत्याचं नाही. रक्तातून येतं ते. जाणार नाही आणि लागणारही नाही. पुढच्या शिमग्याला तुम्ही हिची हनुवटी धरून बघाल, साफ झालं का म्हणून. मी बघू देणार नाही. बघायचंच असेल तर हे बघा."

आणि मी टॉवेल सोडला.

एक लहान पोर "बाबो" म्हणालं आणि त्याच्या आईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. उन्हाचा चटका गाठींना लागत होता. उघड्या डोक्यानं उन्हात उभा राहिलो त्याला किती वर्षं झाली होती कोण जाणे. मला टॉवेल पुन्हा बांधावासा वाटत होता. मी तो मुठीत धरून ठेवला.

मागून बाकावरच्या मैत्रिणीची आई हळू आवाजात म्हणाली, "पन ता लागत नाय कशावरनं?"

"लागत असतं तर आधी माझ्या आईला लागलं असतं," दारातून आवाज आला. माझ्या मुलीचा. "वीस वर्षं तीच बाबांचे केस कापते. बघा तिच्याकडे."

सगळ्यांनी बायकोकडे पाहिलं. ती ओटीचं ताट धरून उभी होती. तिनं जरा मान वळवून दोन्ही गाल दाखवले. "नीट बघा हां," ती म्हणाली. कोणीतरी हसलं.

आबांनी माझ्या डोक्याकडे बराच वेळ पाहिलं. राग आला असेल तर दिसला नाही. "बोललेलं मागं घेता येत नाय," ते म्हणाले. "पन व्हय मिळाला नाय तं ता मागनंच नाय झालं. मंग काय मागू? ह्या बारीला तुझ्या तोंडानं सांग, आनि नीट सांग."

मी काही ठरवलं नव्हतं. "तिची शाळा सुटू नये," म्हणालो.

"ता देवीचं काम नाय, ता तिचं काम." लोक हसले. आबांनी पुन्हा हात जोडले. मधे जरा थांबले, शब्द जुळवत असावेत. मग तोच आवाज लागला.

"हे आई, ह्या बायला नववीच्या, मंग धाव्वीच्या परीक्षेला बसायचं बळ दे..."

"व्हय महाराजा!"

"आनि तिच्या तोंडाकडं जो कोन वाकडा बघील, मंग तो ह्या वाडीतला का आसंना, त्याची नजर सरळ कर..."

दोघी-तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. पण गाऱ्हाण्याला व्हय न म्हणून कसं चालेल? देवी समोर बसलेली.

"व्हय महाराजा!"

मी मुद्दाम बघितलं. मैत्रिणीच्या आईनंसुद्धा म्हटलं. हळू म्हटलं, पण म्हटलं. अजून आठवलं की मला बरं वाटतं, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

पालखी गेल्यावर घरात मला शाबासकी मिळाली असं कोणी समजू नये. मुलगी चुलीपाशी बसून म्हणाली, "आधी देवीला दोष सांगितलात. मग शाळा सांगितलीत. मला कोणी विचारलं?"

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. म्हणालो, "आता विचारतो. जाणार का शाळेत?"

"बघते," ती म्हणाली.

चार दिवस बघितलं. पाचव्या दिवशी दप्तर खुंटीवरून खाली आलं. स्कार्फ बांधून गेली, स्कार्फ बांधूनच आली. चिठ्ठी टेबलावरच राहिली. एप्रिलच्या उकाड्यात स्कार्फ दप्तरात घडी होऊन परत यायला लागला. मी विचारलं नाही, पण ह्या वेळचं न विचारणं वेगळं होतं. ती नववी पास झाली. दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच धडा आनुवंशिकतेचा निघाला. सरांनी उदाहरण विचारलं तेव्हा ती उभी राहिली म्हणे. हे मला तिनं नाही सांगितलं. बाकावरच्या मैत्रिणीनं सांगितलं, जिची जागा आता पुन्हा तिच्या शेजारी आहे.

माझी मागची मोठी गाठ बाईंनी काढली. तिथे आता टाक्यांची रेघ आहे. बागेत मी उघड्या डोक्यानं फिरतो. एस्टी स्टँडवर अजून टॉवेल बांधतो. सगळं एका वर्षात होत नाही.

मुलीच्या तोंडावर ह्या वर्षी आणखी चार गाठी आल्या. एक वरच्या ओठावर, आत्याला होती तिथेच. ती दिसली त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तिनं आरशात पाहिली, बोटानं चाचपली आणि भूमितीची वही उघडली.

आता शिमगा पंधरा दिवसांवर आला आहे. आबांनी वाड्यांचा क्रम सांगितला आणि मी बोर्डाच्या वेळापत्रकाशी ताडून पाहिला. आमच्या दारात पालखी येईल त्या दुपारी तिचा बीजगणिताचा पेपर आहे. ओटी बायको भरेल. मी उघड्या डोक्यानं अंगणात उभा असेन, भीत भीत का होईना. वाडीतल्या कोणी आत डोकावून विचारलं की पोर कुठाय, बघू तरी तोंड, तर माझं उत्तर तयार आहे. ती परीक्षेला गेली आहे. साडेचारच्या एस्टीनं येईल. तोपर्यंत ज्याला थांबायचं त्यानं थांबावं.